घंगाळावर नाव कुणाचं

नाशिकच्या तांबट लेनमधून आजवर सौंदर्यस्पर्धेत जे जे उतरले, त्यांची यादी फार लांब नाही. मी एकटाच आहे.

संपादकांनी मागितलं होतं ते वेगळंच. पन्नास वर्षं तांबं ठोकलंत, तर बंब गेले, हंडे गेले, स्टील आलं, असं काहीतरी धंद्याविषयी लिहा म्हणाले. लिहायला बसलो तर ते एका ओळीत संपलं. बंब गेले, हंडे गेले, स्टील आलं. आता उरलेल्या पानांचं काय करायचं? तेव्हा एका घंगाळाची गोष्ट सांगतो. धंदा त्यात ओघाने येईल, आणि माझा गाढवपणा तर न बोलावता येईल.

ज्यांनी तांबटाचं काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. तांब्याचा पत्रा भट्टीत लाल करायचा, म्हणजे तो मऊ पडतो. मग ठोकून त्याला पोट द्यायचं, गळा द्यायचा. आकार आला की शेवटी मठारायचं. म्हणजे भांड्याच्या सगळ्या अंगावर एकसारखे, एकाला एक लागून हातोडीचे ठसे उमटवायचे. त्याने तांबं कडक होतं आणि उन्हात धरलं तर अंगभर हजार आरसे लावल्यासारखं लखलखतं. एक ठसा चुकला तर चेहऱ्यावरच्या देवीच्या वणासारखा दिसतो, आणि तो लपवता येत नाही.

हे सगळं जमिनीवर बसून, समोर लोखंडी खुंट पुरून करायचं. खुंटावर भांडं पालथं. डावा हात भांडं फिरवतो, उजवा हात ठोकतो. डाव्याला दिवसभरात तेवढंच काम. मी बाराव्या वर्षी बैठकीवर बसलो. बाविसाव्या वर्षी माझा उजवा दंड पैलवानाचा झाला होता आणि डावा कोर्टातल्या कारकुनाचा. सदरा शिवायला गेलो की शिंपी उजव्या बाहीचं माप घ्यायचा आणि डावी बाही कुणाची लावायची म्हणून विचारायचा.

दुसरी गोष्ट कानांची. चाळीस दुकानांत चाळीस हातोड्या दिवसभर चालणार. त्यात बोलायचं तर ओरडूनच. आमच्या लेनमध्ये लग्नाची बोलणी सुरू झाली की ती नदीपलीकडे पंचवटीत ऐकू जायची. चाळिशी उलटली की तांबट बहिरा होतो आणि त्याचा आवाज आणखी चढतो. थोडक्यात, मला कुजबुजता येत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरी गोष्ट नावाची. त्या काळी नाव घातल्याशिवाय भांडं घरात जात नसे. लग्नकार्यात सगळ्या आळीची भांडी एकत्र यायची. परत जाताना ओळखायची कशी? शिवाय आहेराचं भांडं असेल तर दोन नावं लागायची. ज्याला दिलं त्याचं, आणि ज्याने दिलं त्याचं. चि. सौ. कां. अमकी हिस तमक्या मामाकडून. मामा जातो, भाची म्हातारी होते, हंडा राहतो आणि मामा त्यावर राहतो. आधी खडूने नाव लिहायचं आणि मग त्या रेघेवरून बारीक छिन्नी चालवायची. खडू पुसता येतो. छिन्नी चालली की संपलं.

म्हणून नाव घालायचा मान सगळ्यांना नव्हता. आमच्या दुकानात तो बाबांकडे होता. स्पर्धा झाली त्या वर्षी उन्हाळ्यात त्यांनी छिन्नी माझ्या हातात दिली आणि नियम सांगितला. नाव चुकलं की छिन्नी परत, आणि चुकणाऱ्याने भट्टीच्या भात्यावर जाऊन बसायचं. हे नुसतं बोलणं नव्हतं. माझ्या चुलत्यांनी निफाडच्या एका पाटलांच्या बंबावर ‘पटील’ घातलं होतं. काना राहिला तेवढाच. चुलते त्यानंतर मरेपर्यंत भाता ओढत होते.

साल चौतीस की पस्तीस यावर आमच्या घरात अजून एकमत नाही, पण स्पर्धा दिवाळीच्या सुट्टीत झाली हे नक्की. गावात दोनेक महिने आधीच भिंतीभिंतीवर जाहिराती लागल्या. अखिल हिंदुस्थान शरीरसौंदर्य स्पर्धा. बाबांनी ‘शरीर’पर्यंत नीट वाचलं आणि ‘सौंदर्या’पाशी थांबले.

‘बायकांची आहे का रे?’

म्हटलं, नाही बाबा, पुरुषांची.

‘मग सौंदर्य कुठलं?’

मी तालमीत जायचो, जोर-बैठका काढायचो, आणि आरशासमोर उजवी बाजू करून उभं राहायचो. उजव्या बाजूने बघाल तर मी खरोखर देखणा होतो. नाव नोंदवून आलो. मग डाव्या हाताची काळजी लागली आणि महिनाभर मी डाव्या हाताने हातोडी चालवली. त्याने दंड काही भरला नाही. भांडी मात्र बिघडली. त्या महिन्यात आमच्या दुकानातून जे हंडे बाहेर पडले ते सगळे एका अंगाला किंचित कललेले होते. आजही नाशिक जिल्ह्यात एखाद्या माळ्यावर तसा हंडा सापडला तर तो माझा समजावा.

स्पर्धेचे सेक्रेटरी एक वकील होते, गावात त्यांना भाऊसाहेब म्हणत. ते कडक स्वदेशीवाले. पहिल्या नंबराला साहेबी पेला द्यायचा नाही, नाशिकचं तांबं द्यायचं, असं त्यांनी ठरवलं आणि घंगाळाची ऑर्डर आमच्या दुकानी आली. बाबांनी ते घंगाळ जीव ओतून केलं. पितळी कड्या, कमळासारखी कड, अंगावर इतकं दाट मठारकाम की बोट ठेवायला सपाट जागा नाही. फक्त पुढच्या अंगाला मजकुरासाठी एक पट्टा कोरा सोडलेला. वर ‘अखिल हिंदुस्थान शरीरसौंदर्य स्पर्धा, प्रथम क्रमांक’ असं घालायचं, आणि खाली जिंकणाऱ्याच्या नावापुरती जागा मोकळी ठेवायची. निकाल लागला की नाव तिथेच, मंडपात सगळ्यांदेखत घालायचं.

स्पर्धेला चार दिवस राहिले होते. दुपारी बाबा जेवायला गेले. वरची ओळ मी घालून संपवली, झकास आली. खालची जागा मोकळी. नुसतं कसं दिसेल ते बघावं म्हणून मी खडू घेतला आणि मधोमध लिहिलं, ‘नारायण’. पुढे श्री. लावायचा मोह झाला, पण म्हटलं, आपणच आपल्याला श्री. कशाला म्हणा. माझ्या आयुष्यात विनय एकदाच उपयोगी पडला, तो हा.

तेवढ्यात पिंपळगावच्या एक बाई हंडा घेऊन दारात उभ्या राहिल्या.

‘तांबटदादा, ह्यो हंडा भरून ठिवला की बाहेर बघतोय.’

तो डाव्या हाताचा हंडा होता. बाईंनी तो ओट्यावर ठेवून फिरवून दाखवला, सासूबाई काय म्हणाल्या ते सांगितलं, शेजारणीने कशी नक्कल केली ते करून दाखवलं. मला मान वर करायची लाज वाटत होती. मी खाली बघून हं हं म्हणत काम करत राहिलो. तांबटाचा हात असा असतो, की समोर खडूची रेघ दिसली आणि हातात छिन्नी असली की तो चालायला लागतो. त्याला डोक्याची परवानगी लागत नाही. बाईंचं बोलणं संपलं, त्या वाकून बघायला लागल्या आणि म्हणाल्या, ‘नाव बाकी ब्येस घातलंय. कुणाचं हाय?’

तेव्हा मी बघितलं.

मी बाईंना दुकानातला चांगला हंडा काढून दिला, त्या गेल्या, आणि मी घंगाळासमोर बसून राहिलो. ठोकून काढावं तर पत्रा पातळ होऊन फाटणार, आणि नाही फाटला तरी त्या जागी वण दिसणार. नवं करावं तर पंधरा दिवस हवेत. मी देवघरातला तांबडा पंचा आणून घंगाळावर टाकला. बाबा आले.

‘झालं का?’

‘झालं.’

‘अक्षर चुकलं नाही ना?’

‘एकही नाही,’ मी म्हणालो. हे खरं होतं. ‘झाकून ठेवतो. स्पर्धेच्या दिवशीच उघडू.’

बाबांना त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि भाऊसाहेबांना तर कल्पना इतकी आवडली की पंचा मंडपातच दूर करायचा असं त्यांनी जाहीर केलं. आता माझ्यापुढे एकच रस्ता उरला. सगळ्या हिंदुस्थानात पहिला नंबर काढायचा, नाहीतर उरलेला जन्म भात्यावर.

स्पर्धक एका शाळेत उतरले होते, सुट्टीमुळे रिकामीच होती. आंघोळीच्या पाण्यासाठी बंब आमच्या दुकानाचा, तेव्हा सकाळी तो पेटवायला मीच जायचो. प्रतिस्पर्ध्यांना अंग शेकायला ऊन पाणी करून देणारा स्पर्धक मी तरी दुसरा पाहिला नाही.

पहिला भेटला युसूफ, मालेगावचा विणकर. पाच दिवस माग बंद ठेवून आला होता. बंबाच्या पोटावरून हात फिरवत त्याने विचारलं, हा कुणी केला. मी केला म्हणून सांगितलं. तो दोन पावलं मागे सरला, बोट कानात घालून हलवलं आणि म्हणाला, ‘भाई, तुम आदमी है के मंदिर का घंटा?’ त्या क्षणापासून आमची दोस्ती. त्याचं अंग बघून मात्र मी बंबात कोळसे घालायचं विसरलो. मागावर दोन्ही हात चालतात, दोन्ही पाय चालतात, एकानंतर एक, सारखे. तांब्याने मला जेवढं वाकडं केलं होतं तेवढं मागाने त्याला सरळ ठेवलं होतं. कुठे काही जास्त नाही, कुठे काही कमी नाही.

लाहोरचा एक सरदार होता, करतारसिंग. दारातून आत येताना तो आडवा व्हायचा. त्याच्याकडे मी बघणंच टाळलं.

आणि मग हजेरीच्या वहीत मी एक नाव वाचलं. सत्यनारायण.

माझ्या ‘नारायण’च्या अलीकडे जागा होती. श्री. घातला नव्हता. मी हरलो आणि हा गडी जिंकला, तर आधी ‘सत्य’ लावलं की काम फत्ते. अक्षरं अडीच. मी त्याला शोधत शाळाभर फिरलो. राजमहेंद्रीकडचा ड्रिल मास्तर निघाला. सावळा, शेलाटा, खांदे फार सुरेख, आणि स्वभाव इतका गरीब की अंगाला तेलसुद्धा दुसऱ्याची परवानगी घेऊन लावायचा. मराठी येत नव्हतं, पण हिंदीची परीक्षा पास झालेला. पुस्तकातल्यासारखं बोलायचा.

त्या दिवसापासून सत्यनारायणासाठी रोज सकाळी म्हशीचं शेरभर दूध आणि भिजवलेले बदाम आमच्या घरून जायला लागले. मी त्याच्या पाठीला तेल लावलं, कसं उभं राहिलं की खांदे उठून दिसतात ते दाखवलं, त्याच्या अंथरुणाखाली दुसरी सतरंजी घातली. तो गोंधळून विचारायचा, ‘मित्र, मेरे लिए इतना कष्ट किस कारण?’ मी म्हणायचो, अतिथी. युसूफ बाजूला बसून बघायचा आणि म्हणायचा, ‘और हम क्या पोस्टमन हैं?’ मग दुसऱ्या दिवशी त्यालाही दूध. तिसऱ्या दिवशी करतारसिंगही लोटा घेऊन आला. आमच्या घरची म्हैस त्या आठवड्यात आटली नाही हे तिचे उपकार.

एका दुपारी युसूफ आणि सत्यनारायण दोघांना गंगेवर घेऊन गेलो. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. सत्यनारायण काठावर उभा राहून बघत राहिला.

‘यह गोदावरी है?’

हो म्हटलं, हीच पुढे तुमच्या राजमहेंद्रीला जाते.

‘हमारे यहाँ उस पार का मनुष्य दिखाई नहीं देता,’ तो हळूच म्हणाला, आमचा अपमान होऊ नये अशा बेताने.

युसूफ म्हणाला, ‘उस पार का मनुष्य भी यही बोलता होगा.’

आम्ही पायरीवर बसून इतके हसलो की एक भटजी संध्या सोडून बघायला लागले. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण यांना सांगून टाकावं. पण सांगितलं नाही. म्हटलं, अजून जिंकायची आशा आहे.

पहिल्या दिवशी मापं झाली. परीक्षक तिघं. टेप घेतलेले एक डॉक्टर, एक ड्रॉइंग मास्तर आणि म्हातारे झालेले एक नामांकित पैलवान. डॉक्टरांनी माझ्या डाव्या दंडाला टेप लावली, मग उजव्याला. चष्मा पुसला. पुन्हा दोन्ही मोजले.

‘हे दोन्ही तुमचेच का?’

‘हो,’ म्हटलं, ‘एक वापरलेला आहे.’

ड्रॉइंग मास्तर हसले, आणि मला वाटतं त्या हसण्यावरच मी शेवटच्या आठांत गेलो. शिवाय मी सगळा वेळ उजवी बाजू पुढे करून, डावा हात पाठीशी बांधून उभा होतो. ड्रॉइंग मास्तरांना ती काही नवी पोझ वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडप खच्चून भरला. तालमीच्या तालमी लोटल्या होत्या. पुढच्या रांगेत, बक्षीस करणारे म्हणून, बाबा फेटा बांधून बसलेले. रंगमंचाच्या कडेला टेबलावर तांबड्या पंच्याखाली घंगाळ. माझ्या पिशवीत खडू, छिन्नी, हातोडी. ढोल वाजला आणि आम्ही एकेकटे पुढे गेलो. माझी पाळी आली तशी मी उजवी बाजू केली. टाळ्या पडल्या. खोटं सांगत नाही, चांगल्या पडल्या. क्षणभर वाटलं, नारायणा, जमतंय.

‘जरा फिरा,’ पैलवान म्हणाले.

मी गर्रकन पूर्ण गिरकी घेतली आणि पुन्हा उजवी बाजू.

‘अर्धंच फिर, बाळा.’

अर्धा फिरलो. मंडपाने माझा डावा हात पाहिला. मागून आमच्याच लेनमधला कुणीतरी ओरडला, ‘त्यो भांडं धरायचा हात हाय, त्याला हसू नका.’ झालं. मी बाद. उरले तिघे. करतारसिंग, सत्यनारायण आणि युसूफ.

आता जे केलं ते लिहायला अजून जड जातं. तिघांची शेवटची पाळी व्हायची होती. मी युसूफला पडद्यामागे ओढलं. त्याला हरायला सांगायचं असं मी ठरवलं होतं. ज्या माणसाबरोबर चार दिवस हसलो त्याला. खाली वाकून, त्याच्या कानाशी तोंड नेऊन, जितकं हळू बोलता येईल तितक्या हळू मी म्हणालो, ‘युसूफभाई, शेवटच्या पोझला पोट सैल सोड. सत्यनारायण जिंकला पाहिजे. घंगाळावर चुकून मी माझंच नाव घातलंय. त्याच्या आधी सत्य लावलं की भागेल.’

नेमका तेव्हाच ढोल थांबला होता.

पडद्यापलीकडे जो हशा उठला, तो मी जिवंत असेपर्यंत विसरणार नाही. कनात हलत होती. एकच माणूस हसत नव्हता. बाबांना ऐकूच आलं नव्हतं. ते शेजारच्याला विचारत होते, काय झालं, काय झालं. शेजारच्याने त्यांच्या कानात ओरडून सांगितलं, म्हणजे ज्यांचं ऐकायचं राहिलं होतं त्यांनीही ऐकलं. भाऊसाहेबांनी उठून पंचा ओढला. लखलखीत तांब्यावर मधोमध, टपोऱ्या अक्षरांत मी.

युसूफने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘नारायणभाई, पेट तो मैं ढीला नहीं करूँगा. बाकी जो बोलो.’

सत्यनारायण आमच्या तोंडांकडे बघत होता. त्याने युसूफला अर्थ विचारला, आणि युसूफने, खोटं बोलणं त्याच्या रक्तात नसल्यामुळे, सांगितला. सत्यनारायण माझ्याकडे वळून म्हणाला, ‘मित्र, दूध आपने मुझे नहीं पिलाया. मेरे नाम को पिलाया.’

आणि रंगमंचावर गेला. संतापाने माणूस सुंदर दिसतो हे मी त्या दिवशी पाहिलं. त्याचे खांदे मी दाखवल्यापेक्षा कितीतरी चांगले उठले. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. करतारसिंग आला तेव्हा फळ्या करकरल्या. पण युसूफ आला आणि नुसता उभा राहिला. काही फुगवलं नाही, काही लपवलं नाही. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी तो एकच माणूस होता. ड्रॉइंग मास्तरांच्या हातातली पेन्सिल खाली गेली. लाहोर तिसरा, राजमहेंद्री दुसरा, मालेगाव पहिला. मी, माझं काय होणार ते विसरून, टाळ्या वाजवत होतो, आणि त्यातही उजव्या हाताचाच आवाज जास्त येत होता.

मग बाबा रंगमंचावर चढले. एकेक पायरी. भाऊसाहेब लाल झाले होते, ही शोभा झाली, नवं भांडं करून द्या म्हणत होते. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. घंगाळाजवळ जाऊन त्यांनी माझ्या नावावरून अंगठा फिरवला, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. मी लंगोटात, अंगभर तेल. लपायला सदरासुद्धा नव्हता. त्यांनी नुसता हात पुढे केला. मी पिशवीतून छिन्नी काढून दिली. गेली, मनात म्हटलं.

‘तुमचं नाव कसं लिहायचं?’ बाबांनी युसूफला विचारलं, म्हणजे मंडपाला विचारलं. ‘हे भांडं मोडतो. पंधरा दिवसांत दुसरं मालेगावला पोचतं करतो.’

युसूफ घंगाळाकडे बघत होता. मग म्हणाला, ‘चाचा, मोडो मत. आप लोगों के बर्तन पे देनेवाले का भी नाम रहता है ना? हमारे मोहल्ले में सब के घर में है.’

बाबांना ऐकू गेलं नसावं असं मला वाटलं. मग त्यांनी खडू मागितला. माझ्या नावाच्या डावीकडे लिहिलं, ‘युसूफ यांस’. उजवीकडे लिहिलं, ‘कडून’. जागा दोन्हीकडे बरोबर पुरली. बाबा हसले असं मी म्हणणार नाही. मिशी हलली.

ते मांडी घालून तिथेच बसले, घंगाळ मांडीशी घेतलं आणि छिन्नी चालवायला लागले. एवढा मोठा मंडप, पण टक टक टक एवढंच ऐकू येत होतं. ‘युसूफ यांस’ पुरं झालं. बाबा थांबले. आणि छिन्नी माझ्यापुढे धरली.

‘शेवटचं तू घाल,’ म्हणाले. ‘आणि या वेळी काय घालतोयस ते बघून घाल.’

मी बसलो. हात तेलाने बुळबुळीत, छिन्नी धरवेना. एकदा सुटली, दुसऱ्यांदा सुटली. मंडपात खसखस पिकली. तेवढ्यात माझ्यासमोर कुणीतरी बसलं. सत्यनारायण. त्याने माझा उजवा हात ओढून घेतला आणि आपल्या पंच्याने पुसला, बोट न् बोट, मास्तर शाळेतल्या पोराचे शाईचे हात पुसतो तसा. मग डावाही पुसला. घंगाळ दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला, आणि मी ‘कडून’ घातलं. अक्षरं चांगली आली. काना नव्हताच, तो राहायची भीती नव्हती.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर मी सत्यनारायणाला एक गडू दिला. आमच्याकडे गंगेचं पाणी भरून, वरून डाख लावून तोंड बंद केलेले गडू यात्रेकरू नेतात, तसा. त्यावर पहाटे उठून नाव घातलं होतं. पूर्ण नाव, आणि आधी श्री. त्याने ते मोठ्याने वाचलं, गडू कानाशी हलवून पाहिला, आत पाणी डुचमळलं. ‘इसे वहाँ छोड़ दूँगा,’ म्हणाला. ‘जहाँ उस पार का मनुष्य दिखाई नहीं देता.’ गाडी सुटल्यावर युसूफ मला म्हणाला की तू जोरात ओरडून राम राम म्हण, राजमहेंद्रीपर्यंत जाईल. मी ओरडलो. फलाटावरचे हमाल मागे वळून बघायला लागले.

छिन्नी माझ्याकडे राहिली. पुढे चाळीसेक वर्षं मी हजारो नावं घातली, एक चुकलं नाही. दूध मात्र त्यानंतर कुणालाही मी मनात हिशेब न ठेवता पाजलं, पण ज्याला खरं सांगून पाजायला हवं होतं त्या सत्यनारायणाची पुन्हा भेट झाली नाही, ही एक रुखरुख आहे.

युसूफच्या मुलीच्या लग्नाला मी मालेगावला गेलो होतो. सामान मांडलेलं, त्यात मधोमध घंगाळ, चिंचेने घासून लख्ख केलेलं. एका म्हाताऱ्या बाईंनी कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि विचारलं, हा नारायण कोण? युसूफने माझ्याकडे बोट दाखवलं. ‘मामू है,’ म्हणाला. ‘पहला नंबर इसी ने दिया मेरे कू.’

मी नाही म्हणणार होतो. मग वाचलं. वर पहिला क्रमांक, खाली युसूफ यांस नारायणकडून. सगळ्या हिंदुस्थानातला पहिला नंबर त्याला मी दिला असं तिथे लिहिलेलं आहे, माझ्याच हाताने, आणि तांब्यावरचं खोडता येत नाही.